राजा कलाकाउआ आणि त्याचें चिमुकलें वाद्य

गेल्या संमेलनांत आमच्या एका विद्यार्थ्यानें उकुलेले नांवाचें चार तारांचें लहानसें वाद्य वाजवून दाखविलें, आणि तेव्हांपासून कित्येक पालकांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे. मुलास किंवा मुलीस पहिलें उकुलेले घेऊन द्यावयाचें तर तें कोणतें घ्यावें? प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे; पण त्याचें उत्तर देऊं लागलों कीं आमचें मन दुकानापाशीं न थांबतां थेट प्रशांत महासागराच्या मध्यभागीं जातें, आणि ज्या राजानें ह्या गरिबांच्या वाद्यास आपल्या राजवाड्यांत आसन दिलें त्याचें चरित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हणून प्रथम राजाची कथा सांगावी, आणि ओघांत जेथें वाद्य येईल तेथें पालकांच्या प्रश्नास उत्तर द्यावें, असा बेत आम्हीं केला आहे. वाचकांनीं थोडा धीर धरावा.

हवाई बेटें अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें २४०० मैलांवर, समुद्राच्या पोटांतून उसळलेल्या ज्वालामुखींनीं घडविलेलीं आहेत. त्यांतील ओआहू बेटावर, होनोलुलू शहरीं, पंचबोल नांवाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशीं गवताच्या झोपड्यांचें एक आवार होतें. तेथें १६ नोव्हेंबर १८३६ रोजीं डेव्हिड कलाकाउआ ह्याचा जन्म झाला. त्याच सुमारास एका इंग्रज कप्तानानें आपल्या युद्धनौकेच्या बळावर तेथील राजाकडून एक जाचक तह लिहून घेतला होता. त्या प्रसंगावरून बालकाचें नांव ठेवण्यांत आलें. कलाकाउआ ह्या शब्दाचा अर्थ लढाईचा दिवस असा होतो. पुढें ज्यानें आयुष्यांत एकही रणांगण पाहिलें नाहीं, पण ज्याचें राज्य बंदुकीच्या धाकानें लुळें करण्यांत आलें, त्या राजास हें नांव मिळावें ह्यास योगायोगच म्हणावयाचें.

मोठ्या घराण्यांतील मूल दुसऱ्या घरीं वाढविण्यास द्यावें अशी त्या लोकांची जुनी रीत होती. त्याप्रमाणें कलाकाउआ यास एका सरदारकुलांतील बाईनें माउई बेटावरील लाहाइना गांवीं नेलें. चार वर्षांचा झाल्यावर मात्र तो होनोलुलूस परत आला, कारण सरदारांच्या मुलांसाठीं एक निवासी शाळा अमेरिकन मिशनरी आमोस कुक व त्यांची पत्नी ज्युलिएट ह्यांनीं १८३९ मध्यें सुरू केली होती. राज्यावर बसण्यास योग्य म्हणून ठरलेलीं १६ मुलेंमुली तेथें शिकत. त्यांपैकीं पांच जण पुढें खरोखरच सिंहासनावर बसलीं. शिक्षण इंग्रजींतून होई. स्तोत्रें गाणें, अक्षर वळविणें, वेळेवर उठणें, हें सर्व तेथें होतें. त्याचबरोबर रात्रीं अर्धपोटीं निजावें लागे, अशी आठवण कलाकाउआची धाकटी बहीण लिलिउओकलानी हिनें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. आमच्या वसतिगृहांतील विद्यार्थी हें वाचून मनांत काय म्हणतील तें आम्ही जाणतों. त्यांनीं तें मनांतच ठेवावें.

शाळा सुटल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षीं तो कायदा शिकूं लागला. पुढें सरकारी नोकरींत एकेक पायरी चढत १८६३ मध्यें तो डाकखात्याचा मुख्य अधिकारी झाला, व त्याच वर्षीं कापिओलानी हिच्याशीं त्याचा विवाह झाला. वर्तमानपत्र चालविणें, कविता रचणें, गाणीं बांधणें, ह्यांतही त्याचें मन रमे. तो, त्याच्या दोन बहिणी व एक भाऊ असे चौघेही संगीतरचनाकार होते, आणि त्या चौघांचीं गीतें आजही हवाई बेटांत गाइलीं जातात. १८७४ मध्यें त्यानें लिहिलेलें गीत, बँडमास्तर हेन्री बर्गर ह्यानें चाल दिल्यावर, त्या राज्याचें राष्ट्रगीत ठरलें. आतां तें अमेरिकेच्या हवाई राज्याचें अधिकृत गीत आहे.

कामेहामेहा घराण्याचा पांचवा राजा वारस न नेमतां डिसेंबर १८७२ मध्यें वारला. तेथील राज्यघटनेप्रमाणें अशा वेळीं राजा निवडून घेण्याचा अधिकार विधिमंडळास होता. पहिल्या खेपेस कलाकाउआ हरला व लुनालिलो राजा झाला. पण तो सुमारें वर्षभरानें मरण पावला. १२ फेब्रुवारी १८७४ रोजीं पुन्हां निवड झाली, तींत कलाकाउआ यास ३९ व राणी एम्मा हिला ६ मतें पडलीं. राणीच्या पक्षपात्यांनीं न्यायमंदिरांत शिरून सभासदांस मारहाण केली. दंगा मोडण्यास राज्यापाशीं पुरेसें बळ नव्हतें. तेव्हां बंदरांत उभ्या असलेल्या अमेरिकन व इंग्रज युद्धनौकांवरील शिपाई किनाऱ्यावर उतरवावे लागले. ज्या राजास पहिल्याच दिवशीं परक्यांच्या संगिनींचा आधार घ्यावा लागला, त्याच्या पुढील कारकिर्दीचें बीज येथेंच पडलें असें आम्हांस वाटतें.

नव्या राजापुढें दोन संकटें होतीं. पहिलें हें कीं, परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर इत्यादि रोगांनीं त्याची प्रजा झपाट्यानें घटत होती; १८७२ च्या खानेसुमारींत त्या सर्व बेटांवर मिळून ५६,८९७ माणसें भरलीं. दुसरें हें कीं, राज्याच्या तिजोरींत पैसा नव्हता. प्रजेची वाढ करणें हेंच त्यानें आपलें ब्रीद ठरविलें. पैशासाठीं तो १८७४ च्या अखेरीस स्वतः अमेरिकेस गेला व राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांस भेटला. अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवणारा तो पहिला राज्यकर्ता राजा होय. १८७५ च्या करारानें हवाईची साखर अमेरिकेंत जकातीवांचून जाऊं लागली. उंसाचे मळे पसरले, मळेवाले श्रीमंत झाले, आणि मजूर कमी पडूं लागले. मग चीन, जपान, तसेंच पोर्तुगालच्या ताब्यांतील मदीरा बेट, येथून जहाजें भरभरून माणसें आणण्यांत आलीं.

आतां आमचें वाद्य आलें. ऑगस्ट १८७९ मध्यें रेव्हन्सक्रॅग नांवाचें जहाज सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर होनोलुलूच्या बंदरास लागलें. त्यांत मदीरा बेटावरील चारशेंवर स्त्रीपुरुष व मुलें होतीं. मानुएल नुनेस, आगुस्तु दियस व जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे सुतार त्यांच्यांतच होते. जमीन दिसतांच एका प्रवाशानें आनंदानें आपल्या गांवचें लहानसें तंतुवाद्य वाजविण्यास आरंभ केला असें सांगतात. एवढें मात्र निश्चित कीं, दोन आठवडे होतात न होतात तों तेथील वर्तमानपत्रानें ह्या मंडळींच्या रस्त्यावरील रात्रीच्या गाण्याबजावण्याची दखल घेतली. मळ्यांवरील करार संपल्यावर तिघेही सुतार होनोलुलूस आले व त्यांनीं सामानसुमानाबरोबर वाद्येंही बनविण्याचीं दुकानें घातलीं. मदीरेच्या माशेत नांवाच्या वाद्याचा आकार त्यांनीं घेतला, राजांव नांवाच्या दुसऱ्या वाद्याच्या तारा जुळविण्याची पद्धत घेतली, आणि लांकूड मात्र हवाईचें वापरलें. तें कोआ नांवाचें झाड आपल्या बाभळीच्या जातकुळींतील आहे.

ह्या नव्या वाद्यास लोकांनीं उकुलेले म्हटलें. उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणें. तारांवरून बोटें जीं भराभर नाचतात त्यांवरून हें नांव पडलें असावें. दरबारांतील एका चपळ, ठेंगण्या इंग्रजाचें तें टोपणनांव होतें अशीही आख्यायिका आहे. राजाच्या बहिणीनें त्याचा अर्थ येथें आलेली भेट असा लाविला. तिन्हींपैकीं कोणता अर्थ खरा ह्याचा वाद आम्ही घालीत नाहीं. शेवटचा सर्वांत गोड आहे, म्हणून तो खरा असेलच असें नव्हे.

राजापाशीं पियानो होता, पितळी वाद्यांचा उत्तम बँड होता. तरीही मजुरांनीं आणलेलें हें हातभर लांबीचें वाद्य तो स्वतः वाजवी, आणि दियसच्या दुकानीं जाऊन बसे असें सांगतात. ह्यांतच पालकांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. हें वाद्य लहान असावें, हलकें असावें, आणि सुरांत असावें; त्याचें मोल त्याच्या नक्षींत नाहीं.

उरलेलें अर्धें उत्तर असें. उकुलेले चार मापांचें मिळतें. सोप्रानो सुमारें २१ इंच लांबीचें, कन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३०. बॅरिटोनच्या तारा निराळ्या जुळवितात, म्हणून आरंभीं तें घेऊं नये. दहा वर्षांच्या आंतील मुलास सोप्रानो, आणि मोठ्या मुलास किंवा ज्याचीं बोटें जाड आहेत अशा बापास कन्सर्ट, हें सामान्यतः ठीक पडतें. पेटीवरील पांढरी एक ही षड्ज धरली तर ह्या वाद्याच्या चार तारा क्रमानें प, सा, ग, ध अशा लागतात. गंमत अशी कीं, वाजविणाराच्या तोंडाजवळची पहिली तार खर्जाची नसून वरच्या पंचमाची असते. सर्वांत खालचा स्वर दुसऱ्या तारेवर आहे. ह्या उलट्यासुलट्या जुळणीमुळेंच त्याचा आवाज खळखळणाऱ्या पाण्यासारखा वाटतो.

दुकानांत गेल्यावर रंगाकडे पाहूं नये. हा उपदेश आम्हीं अनुभवाचे पैसे मोजून मिळविला आहे. आमचें पहिलें उकुलेले तांबड्या रंगाचें असून त्यावर माडाचें झाड व मावळता सूर्य रंगविलेला होता. त्याच्या खुंट्या रात्रींतून सैल होत, आणि सकाळीं जुळवून ठेवलें तर दुपारीं तें भलतेंच बोले. दोन महिने आम्ही आपल्या कानासच दोष देत होतों. शेवटीं एका जाणत्या गृहस्थांनीं तें हातीं घेतलें, एक तार मोकळी छेडली, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडली, आणि हंसून तें परत दिलें. बाराव्या पडद्यावर नेमका वरच्या सप्तकांतील तोच स्वर यावयास पाहिजे. आमच्या वाद्यांत तो येतच नव्हता. तें वाद्य नसून खेळणें होतें.

तेव्हां ही परीक्षा प्रत्येक तारेवर दुकानांतच करावी. दांडीच्या कडेवरून बोट फिरवावें. पडद्यांचीं टोकें टोंचलीं तर तें वाद्य नको. पहिल्या पडद्यावर तार दाबण्यास फार जोर लागत असेल तर तार उंच बसविली आहे असें समजावें. कोवळ्या बोटांस ती रडवील व मूल आठ दिवसांत वाद्य कोपऱ्यांत टाकील. खुंट्या घट्ट फिराव्या व फिरविल्या जागीं राहाव्या. तारा नायलॉनच्या असाव्या, पोलादी बसवूं नयेत. पोलादी तारेचा ताण ह्या नाजूक वाद्याच्या घोडीस सोसत नाहीं. लांकूड अखंड असेल तर नाद अधिक गोड येतो खरा, पण आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळ्याच्या दमट हवेंत असें लांकूड फुगतें, आणि उन्हाळ्यांत आटून त्यास तडा जाण्याची भीति असते. म्हणून पहिल्या वाद्यास पातळ फळ्या एकमेकांवर चिकटवून केलेलें लांकूड आम्हांस अधिक सोयीचें वाटतें. नव्या तारा पहिले कांहीं दिवस सैल पडतच राहतात. त्यावरून वाद्य वाईट ठरवूं नये, रोज जुळवीत जावें. आणखी एक गोष्ट. एकाच बोटानें शेवटची तार तिसऱ्या पडद्यावर दाबून चारही तारा छेडल्या कीं सा, ग, प ह्यांचा पूर्ण मेळ वाजतो. पहिल्याच दिवशीं मुलास एवढें यश मिळतें, म्हणूनच हें वाद्य नवशिक्यास इतकें मानवतें. असो, राजा आमची वाट पाहत आहे.

२० जानेवारी १८८१ रोजीं कलाकाउआ जगप्रवासास निघाला, आणि २९ ऑक्टोबर रोजीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आला. असें करणारा तो जगांतील पहिला राज्यकर्ता राजा होता. मजूर आणावे, मित्र जोडावे, आणि आपलें लहान राज्य जगाच्या नकाशावर ठसवावें, असे त्याचे हेतु होते. जपानांत त्यानें सम्राट मेइजी ह्यांस आशियांतील राष्ट्रांचा संघ करावा असें सुचविलें, व आपल्या लहानग्या भाचीचा विवाह जपानी राजपुत्राशीं व्हावा अशी इच्छा दर्शविली. दोन्हीं गोष्टींस पुढें नम्रपणें नकार आला. सयाम, जोहोर, ब्रह्मदेश करीत तो मे महिन्याच्या अखेरीस कलकत्त्यास उतरला, आगगाडीनें देश ओलांडून मुंबईस आला, आणि जूनच्या आरंभीं येथून मिसरकडे जहाजानें निघाला. आपल्या मुंबईच्या धक्क्यावरून ज्येष्ठाच्या उकाड्यांत हा समुद्रपारचा राजा चढून गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. ज्या विस्तीर्ण देशांतून तो आठवडाभर गेला तो परक्यांच्या सत्तेखालीं होता. स्वतःच्या चिमुकल्या राज्याविषयीं त्या वेळीं त्याच्या मनांत काय आलें असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. पुढें तो पोपसाहेबांस व राणी व्हिक्टोरिया हिला भेटला, आणि न्यूयॉर्कमध्यें एडिसनला गांठून विजेच्या दिव्यांविषयीं त्यानें बारकाईनें विचारपूस केली. त्याच्याबरोबरचा एक मंत्री आर्मस्ट्राँग ह्यानें पुढें १९०४ मध्यें ह्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. त्यांत धन्याविषयींचा उपहास जागोजाग दिसतो. त्याचें मीठ खाऊन असें लिहिणें आम्हांस शोभलें असें वाटत नाहीं.

राजा परत आला तो थाटमाटाच्या कल्पना घेऊनच. १८८२ मध्यें इओलानी राजवाडा पुरा झाला. त्यास तीन लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. १२ फेब्रुवारी १८८३ रोजीं, म्हणजे निवडीनंतर बरोबर नऊ वर्षांनीं, त्यानें स्वतःच्या हातानें स्वतःच्या मस्तकावर मुकुट ठेविला. १८८६ पासून राजवाड्याच्या आवारांत विजेचे दिवे लागले. वॉशिंग्टनच्या राष्ट्राध्यक्षभवनांत वीज आली ती १८९१ मध्यें. हा खर्च राज्याच्या ऐपतीबाहेरचा होता. राजास उधळेपणाचा, मद्याचा व पत्त्यांचा नाद होता, साखरेच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचें कर्ज त्याच्या डोक्यावर होतें, आणि अफूच्या मक्त्यासाठीं एका चिनी व्यापाऱ्याकडून ७१ हजार डॉलर घेतल्याचा डाग त्याच्या नांवास लागला. हें लपवून ठेवून चरित्र लिहिणें आम्हांस मान्य नाहीं.

पण त्याच हातानें त्यानें दुसरेंही कार्य केलें. हुला हें त्या लोकांचें प्राचीन नृत्य. त्यांत वंशावळी, देवकथा, पराक्रम, सर्व कांहीं पाठांतरानें जपलेलें असतें. १८३० मध्यें राणी काअहुमानू हिनें मिशनऱ्यांच्या शिकवणीच्या प्रभावाखालीं सार्वजनिक हुलावर बंदी घातली होती, आणि नंतरही तें नृत्य परवान्यांच्या जाळ्यांत अडकून पडलें. कलाकाउआनें राज्याभिषेकाच्या वेळीं तें उघड्या मैदानांत, सर्व लोकांसमक्ष करविलें. पाद्र्यांनीं व मळेवाल्यांनीं टीकेची झोड उठविली. १६ नोव्हेंबर १८८६ रोजीं त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवांत हुला पुन्हां झालें, आणि ह्या खेपेस जुन्या भोपळ्याच्या तालवाद्यांबरोबर उकुलेलेचीही साथ होती. मदीरेच्या सुतारांचें वाद्य त्या दिवशीं खऱ्या अर्थानें हवाईचें झालें. सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचें राजघराण्याचें कुमुलिपो नांवाचें दीर्घ पुराणकाव्यही त्यानें १८८९ मध्यें छापविलें. तें केवळ वृद्धांच्या मुखांत राहिलें असतें तर त्यांच्याबरोबरच गेलें असतें. ज्या शाळेनें त्यास छापील अक्षराची गोडी लाविली तिचेंच हें फळ म्हणावें काय? आम्हांस तसें वाटतें, जरी तिच्या चालकांस तें रुचलें नसतें.

उत्सवास आठ महिने झाले नाहींत तोंच घाव बसला. साखरवाले, वकील आणि मिशनरी घराण्यांतील कांहीं तरुण ह्यांनीं गुप्त मंडळ स्थापिलें होतें, व हत्यारबंद पथक त्यांच्या पाठीशीं होतें. ६ जुलै १८८७ रोजीं त्यांनीं लिहून आणलेल्या राज्यघटनेवर राजास सही करावी लागली. संगिनीची घटना ह्याच नांवानें ती इतिहासांत ओळखली जाते. राजाची सत्ता गेली. मतदानास मालमत्तेची व मिळकतीची अट लागल्यामुळें हजारों मूळ रहिवाशांचा हक्क गेला. आशियांतून आलेल्यांचा तर सर्वस्वीं गेला. उलट अमेरिकन व युरोपियन लोकांस तेथील प्रजाजन न होतांही मत मिळालें. त्याच वर्षीं साखरेचा करार पुढें चालविण्याच्या मोबदल्यांत मोत्यांचें बंदर, म्हणजे पर्ल हार्बर, वापरण्याचा एकट्या अमेरिकेस अधिकार देण्यांत आला. सही करणाऱ्या राजाचे शिक्षक ज्या मिशनचे, त्याच मिशनच्या कुटुंबांतील नातवंडें समोर उभीं होतीं. मिशन शाळेच्या मासिकांत हें वाक्य लिहितांना आमची लेखणी क्षणभर थांबली. पण तें खोडावें असें वाटलें नाहीं.

त्यानंतर राजाची प्रकृति ढासळूं लागली. हवापालटासाठीं नोव्हेंबर १८९० मध्यें तो अमेरिकेच्या चार्लस्टन ह्या युद्धनौकेनें कॅलिफोर्नियास गेला. सॅन फ्रान्सिस्कोंतील पॅलेस हॉटेलांत मूत्रपिंडाच्या विकारानें तो अंथरुणास खिळला. मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस आधीं एडिसनच्या ध्वनिलेखक यंत्रासमोर त्यास बोलतें करण्यांत आलें, व आपल्या प्रजेसाठीं तो हवाईच्या भाषेंत कांहीं शब्द बोलला. ती मेणाची नळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत आहे; परंतु तींतून आतां शब्द स्पष्ट ऐकूं येत नाहींत. २० जानेवारी १८९१ रोजीं त्याचा अंत झाला.

त्या काळीं होनोलुलूपर्यंत समुद्रांतून तार नव्हती. राजा बरा होऊन येत आहे ह्या समजुतीनें लोकांनीं रस्त्यांवर कमानी उभारल्या होत्या, घरोघरीं तोरणें लाविलीं होतीं. २९ जानेवारी रोजीं सकाळीं चार्लस्टन दिसूं लागली ती अर्ध्यावर उतरविलेल्या निशाणासह. दुपारपर्यंत त्याच कमानींवर काळें कापड चढलें. गादीवर बहीण लिलिउओकलानी बसली; १७ जानेवारी १८९३ रोजीं तिला पदच्युत करण्यांत आलें, आणि १८९८ मध्यें तीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलीं.

तिघां सुतारांपैकीं मानुएल नुनेस सर्वांत अधिक जगला. १९१५ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनांत हवाईच्या वादकांनीं लाखों लोकांस उकुलेले ऐकविलें, आणि अमेरिकेंतील कारखाने तीं हजारोंनीं तयार करूं लागले, तें त्यानें पाहिलें. तो १९२२ मध्यें वारला. राजानें ज्या मंडपांत मुकुट धारण केला होता तो मंडप इओलानी राजवाड्याच्या आवारांत अद्याप उभा आहे, आणि बर्गरचा बँड आतांही तेथें वाजतो.